टॉर्बर्न : एका दुर्मीळ नावाचा माग काढताना

टॉर्बर्नाइट नावाचं एक हिरवंगार, पातळ चौकोनी पापुद्र्यांचं खनिज आहे. तांबं, युरेनियम, फॉस्फेट आणि पाणी मिळून बनलेलं, आणि अर्थातच किरणोत्सारी. १७९३ मध्ये त्याला हे नाव मिळालं ते टॉर्बर्न बर्गमन (१७३५–१७८४) या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञावरून. हे उप्साला विद्यापीठात प्राध्यापक होते. कुठला पदार्थ कुणाशी जास्त ओढीने संयोग पावतो याचे त्यांचे तक्ते एकेकाळी युरोपभर वापरले जायचे. युरेनियम सापडलं १७८९ मध्ये, म्हणजे बर्गमन गेल्यानंतर पाच वर्षांनी. आपल्या नावाच्या खनिजात काय दडलंय हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं.

खनिजाला सहसा आडनाव चिकटतं, इथे पहिलं नाव चिकटलं. आणि हे नाव स्वीडनमध्येही आज फारसं कुणी ठेवत नाही. मग टॉर्बर्न म्हणजे काय? बाळांच्या नावांची कुठलीही यादी उघडा, उत्तर तयार असतं : 'थॉरचं अस्वल'. एकीने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. तुम्ही उद्या लिटरेचर रिव्ह्यू करायला बसाल तेव्हा असली वाक्यं पावलोपावली भेटतील, म्हणून हे एक जरा सोलून बघू.

आधी तुकडे. जुन्या नॉर्स भाषेत मूळ नाव 'थोर्ब्योर्न' असं काहीसं. त्यातला 'ब्योर्न' म्हणजे अस्वल. आजच्या स्वीडनमध्ये त्याचं टॉर्ब्यॉर्न होतं, नॉर्वेत टॉर्ब्यर्न. पण मग 'बर्न' कुठून आला? शब्दाच्या शेवटच्या, जोर नसलेल्या भागात स्वर झिजतात, तसा 'ब्योर्न' झिजून 'बर्न' झाला आणि डेन्मार्कमध्ये आणखी झिजून 'बेन' : टॉर्बेन. हा अंदाज एकाच नावावर उभा असता तर मी मान्य केला नसता. पण शेजारीच दुसरी साखळी आहे : आस्ब्यर्न, एस्बर्न, एस्बेन. बाराव्या शतकातला डॅनिश सरदार एस्बर्न स्नारे हा तिच्यातलाच. तोच बदल दुसऱ्या नावातही त्याच क्रमाने दिसला, की योगायोगाची शक्यता खूपच कमी होते.

आता थॉर. आपल्या 'थोर'शी याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते. थॉर म्हणजे मुळात गडगडाट. त्याचं खरं नातं निघतं ते संस्कृतातल्या 'स्तन्' (गर्जणे) या धातूशी, ज्यावरून मेघगर्जनेला 'स्तनयित्नु' म्हणतात. कानाला सारखे वाटणारे शब्द परके निघाले आणि अजिबात सारखे न वाटणारे सख्खे! साम्य कानांनी नव्हे, ध्वनिबदलाच्या नियमांनी तपासायचं ते याचसाठी.

अस्वलाची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस. हे तिन्ही एकाच मुळाचे. जर्मानिक भाषांमध्ये मात्र हा शब्द गायब. त्याजागी जो आला त्याचा अर्थ 'तपकिरी' असा बरेच अभ्यासक लावतात. जनावराचं खरं नाव घेतलं तर ते येईल, ही भीती. आपल्याकडे गावात रात्री सापाला 'लांबडं' किंवा नुसतं 'जनावर' म्हणतात, तसंच. दुसरं मत असं की मूळ अर्थ 'रानटी प्राणी' इतकाच. वाद मिटलेला नाही, त्यामुळे 'तपकिरी' हे ठाम सत्य म्हणून लिहू नका.

मग थॉर अधिक अस्वल बरोबर 'थॉरचं अस्वल'? मला हे पटत नाही. जर्मानिक समाजात दोन तुकडे जोडून नावं बनवायची पद्धत होती, आणि तुकडे बरेचदा घरातल्या माणसांच्या नावांतून उचलले जायचे. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण इंग्लंडमधलं आहे. अकराव्या शतकातला वुस्टरचा बिशप वुल्फस्टन : आई वुल्फगिफू, वडील एथेलस्टन. आईचा 'वुल्फ' घेतला, वडिलांचा 'स्टन' घेतला. शब्दशः अर्थ लांडगा-दगड. त्यात षष्ठी तत्पुरुष शोधत बसलात तर हाती काहीच लागणार नाही. थोर्ब्योर्नमध्येही 'थॉर' आणि 'अस्वल' हे दोन मानाचे तुकडे आहेत, एवढंच खात्रीने म्हणता येतं. मधला 'चं' आपण घातलेला.

राहिली लोकप्रियता. इथे आधी विचारायचं : कशाची? आज हयात असलेल्या नावधारकांची, की यंदा जन्मलेल्या बाळांची? डेन्मार्कमध्ये टॉर्बेन हे नाव विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास भरपूर ठेवलं गेलं. त्यामुळे एकूण आकडा मोठा दिसतो, पण पाळण्यात हे नाव क्वचितच ऐकू येतं. पहिला आकडा साठा सांगतो, दुसरा प्रवाह. दोन्ही एकाच आलेखात कोंबू नयेत.

शिवाय स्पेलिंग. टॉर्बर्न, टॉर्ब्यॉर्न, टॉर्बेन आणि यांचीच जादा 'एच' घातलेली भावंडं सरकारी यादीत वेगवेगळी मोजली जातात. ती एकत्र करायची की नाही हे तुमच्या प्रश्नावर ठरतं. पालकांची आवड बघायची असेल तर वेगळी ठेवा. नावाचा वंश बघायचा असेल तर एकत्र करा. काहीही करा, पण मेथड्समध्ये तसं लिहा.

आणि दुर्मीळ नावांची खास अडचण अशी, की नॉर्वेच्या सांख्यिकी कार्यालयाच्या नावशोधात तीन किंवा त्याहून कमी जणांचं नाव असेल तर नेमका आकडा दाखवतच नाहीत, गोपनीयतेसाठी. प्रयोगशाळेत काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल : उपकरणाच्या शोधमर्यादेखालचं रीडिंग. तक्त्यात तिथे शून्य भरायचं नसतं. 'चारपेक्षा कमी' असं लिहायचं.