साधं .32 की 'निर्भीक'?

आमच्या ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याचं हत्यार नवलाचं नाही. पेट्रोल पंपाची रोकड बँकेत नेणं माझ्याकडे आलं, तेव्हा मीही रीतसर परवाना काढला. मग प्रश्न पडला, कोणतं रिव्हॉल्व्हर घ्यावं?

दोन समोर होती. दोन्ही कानपूरच्या सरकारी कारखान्यांतली, .32 बोअरची, सहा गोळ्यांची आणि जुन्या वेब्लीसारखी मधून मोडून उघडणारी. फरक धातूचा. साधं पोलादी, सुमारे 700 ग्रॅमचं. 2014 साली खास महिलांसाठी म्हणून आलेलं 'निर्भीक' टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सुमारे 500 ग्रॅमचं आणि बरंच महाग.

"ताई, तुम्हाला हलकंच बरं," दुकानदार म्हणाले. पर्समध्ये 200 ग्रॅम जाणवतात, हे खरं. पण गोळी तीच आणि हत्यार हलकं, म्हणजे धक्का हाताला जास्त. रेंजवर दोन्ही चालवून पाहिली. 'निर्भीक'ची दुसरी गोळी दरवेळी वर जायची, साध्याची नेमावर राहायची. पंपावर चुकलेली गोळी कुणाला लागेल, सांगता येत नाही. मी साधं घेतलं.

मैत्रिणींनो, हत्यार मिरवायचं नसतं. 2016 च्या नियमांप्रमाणे ते सार्वजनिक जागी पूर्ण झाकूनच न्यावं लागतं. घरी नातवंडं आहेत, म्हणून रिव्हॉल्व्हर एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या. दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला. आणि रोकड नेण्याची वेळ, रस्ता रोज बदलते. रिव्हॉल्व्हर काढायची पाळीच येऊ नये, हीच खरी काळजी.