खेळातल्या पोलिसाने गोळी कधी झाडावी?

पालकहो, ‘जीटीए फाइव्ह’ हा खेळ १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, तरी मुलांच्या तोंडी असतोच. त्याच्या रोलप्ले सर्व्हरवर चोर आणि पोलीस दोन्ही खरे खेळाडू. चोर पळाला, पोलिसाने गोळी झाडली, की वाद पेटतो: एवढं बळ लागत होतं का? मग ॲडमिन व्हिडिओ बघून निकाल देतो. मूल असं भांडण घेऊन आलं तर ‘जिंकलं कोण’ नको, ‘धोका कुणाला होता?’ विचारा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली टेनेसी विरुद्ध गार्नर खटल्यात हेच पाहिलं. नुसता पळतोय म्हणून संशयितावर गोळी झाडता येत नाही, असं ठरलं. कुंपणावर चढताना मारला गेलेला तो मुलगा १५ वर्षांचा होता, निःशस्त्र.