कडुनिंबाच्या घराण्यातली मान

जुन्या घरातलं उभ्या फळ्यांचं दार पावसाळ्यात चौकटीत रुतून बसतं, खांद्याने रेटावं लागतं. नीट पाहिलं तर ते फुगलेलं असतं फक्त रुंदीत. उंची जवळजवळ होती तेवढीच. झाडाने मुळाकडून शेंड्याकडे उभे रचलेले तंतू ओलीने जाड होतात, लांब होत नाहीत. ओलं लाकूड पार सुकवलं, तर लांबीत घट होते हजारात एखाद-दोन भागांची आणि रुंदीत शंभरात चार ते दहा भागांची. लाकडाच्या या स्वभावामुळेच गिटारला मान असू शकते.

या मानेवर काय बेततं ते पाहा. पोलादी तारांच्या साध्या अकूस्टिक गिटारवर सहा तारा मिळून सत्तर किलोहून जास्त ताण देतात. एक धडधाकट माणूस मानेच्या टोकाला रात्रंदिवस, वर्षानुवर्षं लोंबकळत राहावा, तसा हा भार. आणि ती मान पहिल्या फ्रेटपाशी, म्हणजे तिच्यावरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, असते जेमतेम दोन सेंटिमीटर जाड. एवढ्या ताणाखाली तिने किती वाकावं? मिलिमीटरचा चौथा-पाचवा हिस्सा. तेवढा बाक हवाच, कारण कंप पावणाऱ्या तारेला फ्रेटवर न आपटता हलायला जागा लागते. तो दुप्पट-तिप्पट झाला, तर तारा उंच जातात आणि बोटं दुखू लागतात. उलट्या बाजूला झाला, तर तार खरखरते.

1920च्या दशकात गिब्सन कंपनीत थॅडियस मॅक्ह्यू यांनी मानेच्या पोटात पोलादी सळई बसवण्याची युक्ती काढली. टोकाची चावी फिरवून बाक कमी-जास्त करता येऊ लागला. मग कुठलंही लाकूड चालेल, असं वाटतं. पण सळई बाक काढते, पीळ काढत नाही. मान ओल्या फडक्यासारखी एका अंगाला पिळली गेली, तर तिला सरळ करणं महाकठीण. पीळ येतो तो तंतू तिरके असल्यामुळे, म्हणून कसबी कारागीर लाकडाच्या जातीआधी तंतूंची वाट पाहतो. करवत तंतूंची पर्वा न करता सरळ जाते. फळी दिसायला सरळ असते आणि तिच्यातले तंतू एका कडेने बाहेर पळालेले असतात. पाचर मारून फोडलेलं लाकूड मात्र खोटं बोलत नाही. ते तंतूंच्याच वाटेने दुभंगतं.

मानेचं डोकं, जिथे तारांच्या खुंट्या असतात, ते बऱ्याच गिटारींत मागे झुकलेलं असतं. एकाच फळीतून ते कोरलं, तर त्या झुकावात तंतू आडवे तुटतात आणि गिटार पडली की तिथेच मोडते. यावरची जुनी तोड मला फार सुंदर वाटते. फळीचं टोक तिरकं कापायचं, तो तुकडा उलटा करून परत तिथेच चिकटवायचा. आता तंतू मानेतही सरळ आणि डोक्यातही सरळ. जोड दिलेलं लाकूड अखंड लाकडापेक्षा भक्कम ठरतं!

मग जात कुठली? 1950च्या सुमारास कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी चार स्क्रूंनी बसणारी मेपलची मान आणली. मेपल कठीण, घट्ट आणि फिकट. पण सुकताना ओंडक्याच्या वलयांच्या दिशेने जवळपास दहा टक्के आकसतं, वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्मं. दोन दिशांतली ही तफावतच फळीला वाकडं करते. म्हणून चोखंदळ कारागीर वलयं उभी दिसतील अशी कापलेली फळी मागतात. तरी आडव्या कापाच्या मेपलच्या असंख्य माना दशकानुदशकं नीट वाजताहेत, कारण त्यांचं लाकूड आधी चांगलं मुरलेलं होतं. महोगनी हलकी, मऊ, आणि दोन्ही दिशांना कमीच आकसणारी. तिच्यावर पटाशी चालवताना हाताला सुख होतं.

मराठी वाचक इथे विचारणारच, की मग आपला सागवान का नको? दारं-खिडक्या पिढ्यान्‌पिढ्या टिकवणारं, जागचं न हलणारं लाकूड ते. प्रश्न रास्त आहे, आणि सागाच्या माना होतातही. पण त्याच्या अंगातलं तेल सरसाला धरू देत नाही आणि त्यातली सूक्ष्म वाळू हत्यारांची धार खाते. मानेवर बोटांखाली जी पट्टी चिकटवतात, तिच्यासाठी मात्र आपल्या सह्याद्रीतही वाढणारी शिसव जगभर गेली. 2017पासून शिसवीच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं. 2019मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

स्पेनमधल्या गिटारींच्या मानेत मात्र बहुधा सळई नसतेच. तिथली मान परंपरेने सेड्रेला ओडोराटा या अमेरिकेतल्या झाडाची. सिगारच्या पेट्या याच सुगंधी लाकडाच्या. अल्मेरियाचे अंतोनियो दे तोरेस यांनी आजच्या गिटारचा आकार घडवला. 1862मध्ये त्यांनी एका गिटारची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, आवाज वरच्या लाकडी फळीतून येतो हे दाखवायला. मान मात्र लाकडाचीच ठेवली. ताण पेलायचं काम लगद्याचं नव्हे.

ही सेड्रेला कुणाची कोण? तिचं कुळ मेलिएसी. महोगनीही त्यातलीच. आणि आपल्या दारातला कडुनिंबसुद्धा! गुढीला बांधतो त्या डहाळीची आणि स्पॅनिश गिटारच्या मानेची सोयरीक आहे, हे प्रथम वाचलं तेव्हा मी उठून खिडकीतून समोरच्या निंबाकडे बघत राहिलो होतो.

त्याहून जवळचं नातं मिरजेत आहे. तिथल्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यावर जी सतारीची दांडी चढते, ती तुणीच्या लाकडाची. हलकं, तांबूस, रंध्याखाली मऊ, तारांच्या ताणाखाली सरळ राहणारं. 2024मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या तुणीला विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा तिला त्याने अमेरिकेतल्या त्याच वंशात बसवलं आणि आपल्याकडचं बोलीतलं नाव जोडून दिलं: सेड्रेला टूना. पुढे शास्त्रज्ञांनी तिचा वंश वेगळा केला आणि त्या वंशालाही तेच नाव ठेवलं, टूना.