दुखणं गुडघ्याचं, चूक चवड्याखालची

१९८० च्या जुलैमध्ये टूर द फ्रान्स ही शर्यत पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, पो या गावी मुक्कामाला आली, तेव्हा आघाडीवरच्या स्वाराची पिवळी जर्सी बर्नार इनोच्या अंगावर होती. वय २५, आधीच्या सलग दोन वर्षांचा विजेता. दुसऱ्या दिवशी डोंगर सुरू होणार होते. पण त्याच रात्री इनोनं शर्यत सोडली. कारण एकच, गुडघा. १९८३ साली स्पेनची मोठी शर्यत जिंकताना त्याच्या गुडघ्यानं पुन्हा डोकं वर काढलं. त्या वर्षीची टूर त्याला घरी बसून पाहावी लागली आणि शस्त्रक्रियाही करावी लागली. १९८५ मध्ये तो पाचव्यांदा टूर जिंकला, तेव्हा त्याच्या बुटाखाली एक नवीच वस्तू होती. बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायचे खटके बनवणाऱ्या ‘लुक’ या फ्रेंच कंपनीचं ते पेडल होतं. पाय ठेवला की खट्‌कन बसायचा आणि टाच बाहेर फिरवली की सुटायचा.

इनोचा गुडघा या पेडलनं बरा केला, असं म्हणायला आधार नाही. त्यामागे शस्त्रक्रिया होती, विश्रांती होती आणि त्याचा हट्टही होता. पण पुढच्या काही वर्षांत जगभरच्या हौशी सायकलस्वारांचे पाय अशा पेडलमध्ये अडकले आणि गुडघ्यांच्या तक्रारींना एक नवं कारण मिळालं.

आधीच्या पद्धतीतही पाय जखडलेलाच असायचा. पेडलला लोखंडी पिंजरा, त्यावरून चामडी पट्टा आणि बुटाच्या तळाला खिळ्यांनी ठोकलेली खाचेची पट्टी. पण जाणते स्वार ती पट्टी आल्या आल्या ठोकत नसत. नवे बूट तसेच काही दिवस वापरायचे. चामड्याच्या तळव्यावर पेडलच्या कडेचा वळ उमटायचा, मग त्या वळाच्या रेषेत खाच धरून खिळे ठोकायचे. पाय स्वतःहून ज्या कोनात बसला तोच कोन कायम करायचा, अशी ही साधी आणि शहाणी पद्धत होती. नव्या पेडलसोबत क्लीट आली. म्हणजे बुटाखाली तीन स्क्रूंनी बसणारा प्लास्टिकचा त्रिकोण. हा त्रिकोण दुकानात कुणीतरी अंदाजानं, बहुतेक वेळा ‘सरळ’ बसवून देऊ लागला.

या सरळ बसवण्यातच सगळी गोम आहे, कारण माणसाचे पाय सरळ नसतात. टेबलाच्या कडेवर बसून दोन्ही पाय मोकळे लोंबकळू द्या आणि वरून चवड्यांकडे पाहा. बहुतेकांची बोटं थोडी बाहेर वळलेली दिसतील. काहींची आत वळलेली असतात आणि कित्येकांचा डावा-उजवा पायही सारखा नसतो. नडगीच्या हाडाचा पीळ, खुब्याची ठेवण, घोट्याची घडण यांतून हा कोन ठरतो. तो जन्माचा सोबती आहे, स्क्रू आवळून बदलत नाही. पेडलवर चवडा जबरदस्तीनं सरळ केला, तर तो पीळ नडगीतून वर चढतो आणि गुडघ्यात उतरतो.

तो गुडघ्यातच का उतरतो? घोट्याखालचा सांधा डावी-उजवीकडे कलू शकतो. खुबा तर सगळ्याच दिशांना फिरतो. मधला गुडघा मात्र मुख्यतः वाकतो आणि सरळ होतो. वरचा हलला, खालचा हलला, तरी सोसायचं यानंच. सासू-सुनेच्या मधल्या मुलासारखी त्याची अवस्था. त्यातही तो निव्वळ बिजागरी नाही. पाय पूर्ण सरळ होत आला की शेवटच्या वीस-तीस अंशांत नडगी किंचित बाहेरच्या बाजूला फिरते. उलट चवडा आतल्या बाजूला कलला की घोट्याखालच्या तिरक्या सांध्यामुळे नडगी आत फिरते आणि गुडघा सायकलच्या दांड्याकडे झुकतो. अशा वेळी मांडीच्या हाडाच्या खोबणीतून वर-खाली सरकणारी गुडघ्याची वाटी मधोमध न राहता एका कडेला घासू लागते.

चालताना या लहानसहान गोष्टी खपून जातात, कारण प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं. सायकलवर तसं नसतं. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाला प्रत्येक पायाचे ४,८०० फेरे होतात. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. उतारावरचे आणि चहा-मिसळीच्या थांब्यांचे तास वजा केले, तरी आकडा चाळीस हजारांच्या आसपास जाऊ शकतो. तोही एकाच वर्तुळात, एकाच कोनात, क्रँक, म्हणजे पेडलची दांडी, १७० मिलिमीटरची असेल तर ३४ सेंटिमीटर व्यासावर. दोन अंशांची चूक चाळीस हजार वेळा घडली की ती दुखापत होते. आपला दूधवाला काळ्या सायकलवर चपलेत, पायाची कमान पेडलवर टेकवून आयुष्यभर हिंडतो. त्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याचा पाय पेडलवर हवा तसा सरकतो. महागडे बूट घेणाऱ्यानं पैसे मोजून नेमकी हीच मोकळीक गमावलेली असते.

ती मोकळीक थोडीफार परत देण्याची युक्ती पुन्हा फ्रान्समध्येच निघाली. लुकचं पेडल घडवणारे झाँ बेल यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘टाइम’ या कंपनीच्या पेडलमध्ये पाय अडकलेला असतानाही टाच थोडी इकडे-तिकडे फिरेल अशी सोय केली. या हालचालीला आज सगळे ‘फ्लोट’ म्हणतात आणि तो क्लीटच्या रंगावरून ओळखता येतो. शिमानो कंपनीच्या रोड सायकलच्या क्लीटमध्ये लाल म्हणजे शून्य अंश, निळी दोन अंश आणि पिवळी सहा अंश. लुकच्या किओ पेडलच्या क्लीटमध्ये काळी शून्य, करडी साडेचार आणि लाल नऊ. थोडक्यात, लाल रंग एका कंपनीत पाय जखडतो आणि दुसरीत सर्वांत मोकळा सोडतो. कंपनी बदलताना हे विसरू नये. नवख्यानं शून्य अंशाच्या क्लीटच्या वाटेला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. स्प्रिंटमध्ये ती कुणाला पक्की वाटत असेल, पण आपल्यातले किती जण स्प्रिंट मारतात?

फ्लोट असला म्हणजे क्लीट कशीही बसवली तरी चालते, असा मात्र त्याचा अर्थ नाही. पायाचा नैसर्गिक कोन फ्लोटच्या मधोमध यायला हवा. पेडल मारताना टाच फ्लोटच्या एका टोकाला सतत टेकत असेल, तर त्या बाजूनं क्लीट चुकली आहे. इथे उलट्या हिशेबानं अनेकांची फसगत होते. पेडल जागचं हलत नाही, त्याच्या संदर्भात बूट हलतो. म्हणून बोटं बाहेर वळू द्यायची असतील, तर क्लीटचं टोक क्रँककडे, आत वळवायचं. दोन पायांतलं अंतर वाढवायचं असेल, तर क्लीट बुटाच्या आतल्या कडेकडे सरकवायची. पुढे-मागे बसवण्याची खूण तुलनेनं सोपी आहे. बूट घालून अंगठ्याच्या मुळाशी असलेला हाडाचा उंचवटा बोटानं चाचपायचा, करंगळीच्या मुळाशी असलेलाही चाचपायचा आणि पेडलचा आस या दोहोंच्या मध्ये येईल असं पाहायचं. पोटरी किंवा टाचेवरची शीर दुखत असेल, तर क्लीट आणखी थोडी टाचेकडे नेता येते. मात्र त्याबरोबर सीटही जराशी खाली घ्यावी लागते.

आता पाचरीचा मुद्दा. घोट्याखालचा सांधा मधल्या स्थितीत धरला, तर बहुतेकांच्या चवड्याची अंगठ्याकडची बाजू करंगळीच्या बाजूपेक्षा वर उचललेली राहते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२० निरोगी माणसांचे पाय मोजले होते, त्यांत सुमारे ८७ टक्के पाय असे निघाले. चालताना आधी टाच टेकते. सायकलवर टाच अधांतरीच असते आणि सगळा जोर चवड्यावर येतो. मग अंगठ्याखालची पोकळी भरायला चवडा आत कोसळतो आणि त्याच्यामागून गुडघाही आत जातो. यावर क्लीट आणि बूट यांच्यामध्ये एकेक अंशाच्या पातळ पाचरी घालण्याचा उपाय निघाला, जाड कड अंगठ्याकडे ठेवून. अमेरिकेतले सायकल-फिटिंगतज्ज्ञ अँडी प्रुइट यांच्या सल्ल्यानं स्पेशलाइज्ड कंपनीनं आपल्या सायकलच्या बुटांतच दीड मिलिमीटरचा असा उतार घातला.

तर्क सुंदर आहे, पुरावा मात्र तेवढा सुंदर नाही. पायाचा हा कोन मोजणारे दोन तज्ज्ञ एकाच पायाचे दोन वेगळे आकडे सांगतात, ही जुनी तक्रार आहे. पाचरींवरच्या प्रयोगांतही काहींचा गुडघा सरळ रेषेत येतो, तर काहींना फरक पडत नाही. गरज नसताना जास्त पाचरी घातल्या, तर गुडघा बाहेर ढकलला जाऊन दुखण्याची फक्त बाजू बदलते. त्यामुळे सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर लावावी, दोन्ही वाट्यांखाली एकेक टिकली चिकटवावी आणि समोर मोबाइल ठेवून चित्रण करावं. टिकली जवळजवळ उभ्या रेषेत वर-खाली जात असेल आणि काही दुखत नसेल, तर पाचरी विकत घेऊ नयेत. दर फेऱ्याला गुडघा दांड्याकडे झुकत असेल, तर एक पाचर घालून पाहायला हरकत नाही. आणखी एक शक्यता असते. दोष पायात नसून कुल्ल्याच्या बाजूच्या कमजोर स्नायूंत असेल, तर तिथे प्लास्टिक काय करणार? व्यायामच करावा लागतो.

तळव्याइतकीच बिघाडाची जागा वरच्या टोकाला आहे, ती म्हणजे सीट. भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभं राहून, जाड पुस्तक मांड्यांमध्ये सीटसारखं वर दाबून जमिनीपासूनची उंची मोजतात. १९६७ साली हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांनी पेडलपासून सीटपर्यंतचं अंतर या उंचीच्या १०९ टक्के असावं असं मांडलं. इनोचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या संघातून आलेला आणि ग्रेग लेमाँडच्या नावानं रूढ झालेला आकडा ०.८८३ चा, पण तो क्रँकच्या आसापासून मोजायचा. ही उंची ८० सेंटिमीटर असेल, तर पहिल्या सूत्रानं, १७० ची क्रँक धरून, ७०.२ आणि दुसऱ्यानं ७०.६ सेंटिमीटर येतात. फरक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. पण मांडी आणि नडगी यांच्या लांबीचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं, टाच खाली-वर ठेवण्याची सवयही वेगळी. म्हणून दवाखान्यांत आता कोन पाहतात. पेडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. सूत्रावर बसवलेली सीट कित्येकांना या पट्ट्याबाहेर नेते, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे.

दुखण्याची जागा काही अंशी कारण सुचवते. वाटीच्या पुढे दुखत असेल, जिना उतरताना किंवा मांडी घालून बसल्यावर ठणकत असेल, तर सीट फार खाली किंवा फार पुढे असल्याचा संशय घ्यावा. मागच्या लवणीत दुखलं, तर ती फार वर किंवा फार मागे आहे का ते पाहावं. बाहेरच्या कडेला जळजळ होत असेल, तर उंच सीट किंवा आत वळवलेली बोटं. आतल्या कडेला असेल, तर क्लीटचा कोन आधी तपासावा. गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा भार टाकताच दगा देऊ लागला, तर ॲलन की बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं.

आपल्याकडे यात घाटांची भर पडते. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली. लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ओढ आज आपल्याकडे गावोगावी दिसते. पण त्या ओढीत कात्रज, खंबाटकी, पसरणी चढताना मोठा गिअर रेटण्यात काहींना मर्दुमकी वाटते. हिशेब असा की, तेवढ्याच वेगानं चढताना मिनिटाचे फेरे ८० वरून ५० वर आले, तर पेडलवरचा जोर ६० टक्क्यांनी वाढतो. वाकलेल्या गुडघ्यावर, वाटीच्या मागे, तो थेट बसतो. मागे मोठा दातेरी गिअर लावून घेणं हा गुडघ्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे आणि दुर्दैवानं सर्वांत कमी मिरवण्यासारखा.

कधी कधी एकच गुडघा दुखतो. तेव्हा दोन पायांच्या लांबीतला फरक किंवा सीटवर तिरकं बसण्याची सवय पाहावी लागते. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये ब्लुआ गावच्या ट्रॅकवरच्या अपघातात एडी मर्क्सची कंबर मुरडली, त्याच्यापुढे वेग देणाऱ्या मोटारसायकलीचा चालक दगावला. त्यानंतर मर्क्सला सायकलवर कधीच नीट बसता आलं नाही. चालू शर्यतीत खिशातून चावी काढून सीट वर-खाली करणारा मर्क्स ही त्या काळची ओळखीची गोष्ट होती. त्यानं टूर पाच वेळा जिंकली, त्यांतल्या चार या अपघातानंतरच्या. लांबीतला खरा फरक असेल, तर सीट लांब पायाच्या मापानं ठेवतात आणि आखूड पायाच्या क्लीटखाली काही मिलिमीटरची चकती घालतात. फरक पूर्ण भरून काढत नाहीत, कारण शरीरानं त्याच्याशी आधीच बरंचसं जुळवून घेतलेलं असतं.

काहीही बदलायचं, तर एका वेळी एकच गोष्ट, तीही दोन-तीन मिलिमीटर किंवा एखाद-दुसरा अंश. त्यावर आठवडाभर सायकल चालवावी आणि मगच पुढचा स्क्रू धरावा. क्लीट बदलताना जुनीच्या कडेनं मार्करनं रेघ मारून ठेवावी. सीटच्या दांड्यावर इन्शुलेशन टेपची पट्टी लावावी, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. झिजलेली क्लीट पायाला डुलवते. दुकानापर्यंत, टपरीपर्यंत त्याच बुटांनी चालणाऱ्यांची ती लवकर झिजते. सध्या आखूड क्रँकची चर्चा जोरात आहे. ताडेइ पोगाचारसारखा विजेता १६५ मिलिमीटरवर आला आहे. क्रँक आखूड झाली की पेडल वर असताना गुडघा कमी दुमडतो, त्यामुळे ज्यांना वाकवताना दुखतं त्यांना फायदा होऊ शकतो. पण क्रँक बदलायला काही हजार रुपये लागतात आणि क्लीटचा कोन बदलायला चार मिलिमीटरची ॲलन की पुरते. सुरुवात तिथूनच करावी.