संगणकावरील मराठी : कोणता प्रश्न कोणाकडे न्यावा ?

डोळा दुखत असतां कोणी दंतवैद्याकडे जात नाहीं. संगणकावर मराठी अक्षरें बिघडलीं म्हणजे मात्र सुशिक्षित घरांतूनही सारी तक्रार एकाच वाक्यांत सांगण्यांत येते : "मराठी नीट दिसत नाहीं." एवढ्यावरून तज्ज्ञाला कांहींच बोध होत नाहीं, कारण हा विकार निरनिराळ्या ठिकाणीं उद्भवतो. प्रश्न योग्य माणसाकडे जावा, अशी इच्छा असेल तर तो कोणत्या खात्याचा आहे हें आधीं ठरविलें पाहिजे.

त्याकरितां संगणक मराठी कसें लिहितो याची थोडी माहिती हवी. संगणक अक्षराची आकृति साठवीत नाहीं. अक्षराचा क्रमांक साठवितो. जगांतील लिप्यांना एकाच पद्धतीनें क्रमांक देणारी युनिकोड ही योजना १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत देवनागरीच्या मुख्य विभागासाठीं १२८ जागा राखलेल्या आहेत. "कि" या अक्षरांत वेलांटी आधीं दिसते, परंतु साठवितांना क आधीं व वेलांटी नंतर येते. "क्ष" हें जोडाक्षर क, हलन्ताचें चिन्ह व ष अशा तीन क्रमांकांनीं साठविलें जातें. या क्रमांकांवरून डोळ्यांपुढील अक्षर घडविण्याचें काम दोघे मिळून करतात : आकार पुरविणारा फॉन्ट आणि ते आकार जुळविणारी आज्ञावली. तेव्हां लिहिणाऱ्याचा हात, साठविलेले क्रमांक, फॉन्ट आणि आज्ञावली या चारांपैकीं कोठेंही दोष असूं शकतो.

दोषाचें ठिकाण शोधण्याचा उपाय साधा आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी. वेलांटी भलत्या जागीं दिसत असेल तर प्रथम फॉन्ट बदलावा. अक्षर सुधारलें तर दोष फॉन्टचा. न सुधारल्यास तोच मजकूर, त्याच फॉन्टमध्यें, दुसऱ्या आज्ञावलींत उघडावा. तेथें तो शुद्ध दिसला तर दोष पहिल्या आज्ञावलीचा. सर्वत्र सारखीच चूक दिसली तर दोष मजकुरांतच आहे. "दऱ्या" म्हणजे डोंगरांतील खोरीं आणि "दर्या" म्हणजे समुद्र. पहिल्या शब्दांत र ऐवजीं ऱ हें वेगळें अक्षर योजावें लागतें. तें न योजल्यास सह्याद्रींत समुद्र शिरतो, आणि कोणताही फॉन्ट त्याला बाहेर काढूं शकत नाहीं. हा प्रश्न कळफलकाचा आहे. फॉन्ट घडविणाऱ्याला तो विचारून उपयोग नाहीं.

जुन्या मजकुराच्या बाबतींत हा विवेक फार महत्त्वाचा ठरतो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं कृतिदेवसारख्या फॉन्टमध्यें देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर आजोबांच्या आठवणींची फाइल उघडली, तर पानभर निरर्थक रोमन अक्षरें दिसतात. घरची मंडळी ती बिघडली असें समजून पुसून टाकतात. वास्तविक मजकूर शाबूत असतो. त्याची किल्ली तेवढी हरवलेली असते. मूळ फॉन्टचें नांव सांगतां आलें तर जाणकार मनुष्य तो मजकूर युनिकोडमध्यें उतरवून देऊं शकतो.

रिकाम्या चौकटी दिसल्या तर बहुधा फॉन्टमध्यें तीं अक्षरें नाहींत, एवढाच त्याचा अर्थ. अक्षरांच्या जागीं ओळीनें प्रश्नचिन्हें दिसलीं तर मात्र सावध व्हावें. देवनागरीला जागाच नसलेल्या जुन्या क्रमांकपद्धतींत फाइल जतन केली गेली, तर मूळ क्रमांक नाहींसे होऊन त्यांच्या जागीं खरोखरचीं प्रश्नचिन्हें लिहिलीं जातात. मग फॉन्ट बदलून कांहीं साधत नाहीं. आधींची प्रत शोधणें हाच मार्ग उरतो. म्हणून कोणताही प्रयोग करण्यापूर्वीं मूळ फाइलची दुसरी प्रत अवश्य काढून ठेवावी.

कांहीं प्रश्न मुळांत तज्ज्ञाचे नसतातच. अमुक शब्द ऱ्हस्व कीं दीर्घ, याचें उत्तर शब्दकोशांत आहे. कोणता फॉन्ट सुंदर, ही ज्याची त्याची आवड. पान कसें छापावें, हें आज्ञावलीच्या साहाय्य-विभागांत सहसा दिलेलें असतें. तज्ज्ञाकडे न्यावयाचा प्रश्न म्हणजे असे प्रयोग करूनही जो उरला, आणि सांगितलेल्या कृतीनें दुसऱ्याच्या संगणकावरही जो पुन्हा दाखवितां येईल तो. त्यांत आज्ञावलीचें नांव व आवृत्ति, फॉन्टचें नांव, लिहिलेला नेमका शब्द, अपेक्षित रूप आणि प्रत्यक्ष दिसलेलें रूप या पांच गोष्टी असाव्या.

इतकें टिपून काढतांना पुष्कळदां उत्तर विचारणाऱ्यालाच सांपडतें. न सांपडलें तरी प्रश्न योग्य दारीं पोहोंचतो, आणि घरांतील जपून ठेवण्याजोगा मजकूर निष्कारण पुसला जात नाहीं.