खप आणि श्रेष्ठत्व

'खपणे' या क्रियापदाच्या अर्थच्छटा लक्षणीय आहेत. माल खपतो, माणूस कामात खपतो, आणि हलक्या बोलीत 'तो खपला' म्हणजे मेला. सरून जाणे, झिजणे हा भाव या तिन्हींत दिसतो; गुणाचा निर्देश मात्र कोठेही नाही. ध्वनिमुद्रिकांच्या खपावरून गायकाची थोरवी ठरवताना हे ध्यानात ठेवावे लागते.

१९८९ साली माँटे कार्लो येथे सुरू झालेला 'वर्ल्ड म्युझिक अवॉर्ड्‌स' हा दूरचित्रवाणीवरील सोहळा याचे ठळक उदाहरण होय. जगभरातील विक्रीचे आकडे हा त्याचा मूळ निकष. मतदानास स्थान मिळाले ते पुढे. पारितोषिकाच्या नावात 'सर्वाधिक खपाचा' हे विशेषण असे. प्रेक्षकांच्या बोलण्यात त्यातील 'खप' गळतो व 'सर्वश्रेष्ठ' तेवढे उरते. अर्थसंक्रमणाचा हा प्रकार अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

आपल्याकडे रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेली, अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' हा याचा निकटचा नमुना. तेथे दुकानांतील विक्रीच्या जोडीला श्रोतृसंघांचा कौलही घेतला जाई, आणि ते योग्यच होते. कारण तबकडी विकत घेणारा एक असतो, ऐकणारे अनेक. लग्नमंडपातील कर्ण्यावर ती लागली की सारा गाव ऐकतो; हिशेबात मात्र विक्री एकच. जेथे पैसा थोडा व ऐकणे सामायिक, तेथे खपाचा आकडा आवड मोजीत नाही, ऐपत मोजतो.

कुंडलचे उदाहरण घेऊ. १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे हे प्रमुख केंद्र. त्या चळवळीचा विचार गावोगाव नेण्यात शाहिरांचा वाटा मोठा होता. डफ-तुणतुण्यावरचा पोवाडा समोर बसून ऐकावयाचा, आणि ज्याला पाठ झाला त्याने तो पुढे म्हणावयाचा, ही त्याच्या प्रसाराची रीत. अशा गायनाची खपाच्या वहीत नोंद होणार ती शून्य. (शाहिराला मिळणारी दाद कोणत्या रकान्यात घालावी, हे त्या वहीच्या कर्त्यांनाच ठाऊक!)

या भागात गीतसंकलनासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रश्नावलीत 'तुमच्याकडे तबकडी होती काय?' या प्रश्नाआधी 'हे गाणे तुम्ही कोणाच्या तोंडून ऐकले?' हा प्रश्न घालावा.