घरात काय, बाहेर काय

भोसरी एमआयडीसीतल्या टेम्पोवाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. हार्डनिंग, वायरकट, ब्लॅकनिंग, एवढं म्हटलं की कुठल्या गाळ्यात जायचं ते त्याला कळतं. आमचा धंदा फिक्स्चर बनवण्याचा. गाडीच्या भागाचं कास्टिंग मशीनवर दर वेळी नेमक्या त्याच जागी पक्कं धरून ठेवायचं, हे फिक्स्चरचं काम. प्रत्येक ऑर्डर वेगळी आणि नग बहुधा एकच. त्यामुळे नवीन ड्रॉइंग टेबलावर आलं की पहिला वाद ठरलेला असतो: यातलं घरात काय करायचं आणि जॉबवर्कला काय पाठवायचं?

नवखा माणूस आधी दर बघतो. वायरकटवाला एवढे पैसे घेतो, आपलं मशीन असतं तर निम्म्यात भागलं असतं, असं त्याला वाटतं. पण घरच्या तासाच्या हिशेबात त्यानं ऑपरेटरचा पगार आणि वीज एवढंच धरलेलं असतं. मशीन उभं असलं तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. गुरुवारी अख्ख्या एमआयडीसीला सुट्टी असते, हप्त्याला नसते. आठवड्यातून एखाददुसरा दिवस पुरेल एवढंच वायरकटचं काम असेल, तर ते मशीन घेणं म्हणजे उरलेले दिवस दुसऱ्यांची कामं शोधत फिरणं. मग फिक्स्चर बाजूला राहतं आणि आपणच वायरकटवाले होतो.

आमच्या फोरमनकाकांची कसोटी वेगळी आहे. "साहेब, आलेला माल दारात तपासता येतो का, तेवढं बघा. येत असेल तर खुशाल द्या बाहेर."

या कसोटीला एक लोकेटिंग पिन लावून बघू. व्यास 12 मिलिमीटर, माल ओएचएनएस, म्हणजे तेलात बुडवून कडक होणारं पोलाद, फिट जी-6. म्हणजे पिन 12 मिलिमीटरपेक्षा 6 ते 17 मायक्रॉननी लहान हवी, त्याबाहेर गेली की भंगार. ती आमच्याच लेथवर टर्न होते, पण व्यासाला 0.3 मिलिमीटर जास्त ठेवून. मग टेम्पोतून हार्डनिंगला जाते आणि काळपट होऊन परत येते. काका तिचं एक तोंड एमरी पेपरनं घासून चकचकीत करतात, रॉकवेल टेस्टरच्या बैठकीवर ठेवतात आणि चाक फिरवून वरच्या हिऱ्याच्या टोकाला भिडवतात. आधी 10 किलोचा भार, मग पूर्ण 150 किलोचा. दांडा परत ओढला की काटा सी स्केलवर थांबतो. 58 ते 60 दाखवला तर माल आत, 54 दाखवला तर त्याच टेम्पोतून परत. मिनिटभराचं काम. शिवाय भट्टीला भरलेली टोपली लागते आणि आमच्या पिना जेमतेम मूठभर असतात. भट्टीवाला त्या आणखी चार जणांच्या मालाबरोबर लावतो, म्हणून त्याला परवडतं आणि आम्हालाही. हार्डनिंग बाहेर द्यायचं, यावर आमच्याकडे कधी वाद होत नाही.

वाद होतो तो त्या 0.3 वर. तापवून तेलात बुडवल्यावर पिन थोडी वाकते, मापही बदलतं. ग्राइंडिंगसाठी ठेवलेला माल कमी पडला तर घासल्यावरही एका बाजूला काळा डाग उरतो आणि पिन बाद होते. जास्त ठेवला तर ग्राइंडरचा वेळ जातो. पायरीचा कोपरा धारदार ठेवला तर नेमका तिथंच तडा जातो, म्हणून ड्रॉइंगमध्येच रेडियस द्यावा लागतो. टर्न केल्यावर ओएचएनएस आणि ईएन-8 हे साधं पोलाद नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकून ईएन-8 गेला तर तेलात बुडवून तो काही 58 ला पोचत नाही. म्हणून आमच्याकडे बारच्या टोकांना रंग लावलेले असतात आणि चलनावर मालाचं नाव, नग आणि हवी ती हार्डनेस लिहिल्याशिवाय टेम्पो हलत नाही. भट्टीवाला सांगितलं तेवढं चोख करतो. काय सांगायचं, ही अक्कल मात्र जॉबवर्कला देता येत नाही.

ब्लॅकनिंगला कसोटीच लावावी लागत नाही. साधारण 140 अंशांवर उकळणारं कॉस्टिक आणि नायट्रेटचं पाणी, त्याचा सांडवा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, हे सगळं लहान शेडच्या आवाक्याबाहेरचं आहे. ते बाहेरच.

ग्राइंडिंगपाशी मात्र काकांची कसोटी अडते. पिनेचा व्यास मायक्रोमीटरनं दारात मोजता येतो, मग ग्राइंडिंगही बाहेर का नको? कारण पिन बेस प्लेटवर बसवून, कास्टिंग लावून बघितल्यावर कधीकधी आणखी दोन मायक्रॉन काढावे लागतात. पिन ग्राइंडरवरून जोडणीच्या टेबलावर आणि तिथून परत ग्राइंडरवर अशा खेपा घालत राहते. दर खेपेला टेम्पो बोलवायचा तर दिवस संपतो. काम ज्या टप्प्यावर असं मागेपुढे करतं, तो टप्पा मोजता येत असला तरी घरातच ठेवावा.

बाहेर काय द्यायचं हे आजूबाजूला कोण आहे यावरही ठरतं. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, 1966 साली पुण्यात पाय रोवले, तेव्हा इथं अशी साखळी नव्हती. कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी आधी मशीन टूल आणि प्रशिक्षण यांवर भर दिला. पुण्याचा पहिला ट्रक निघाला तो 1977 साली. ट्रकच्या आधी ट्रक बनवायची साधनं आणि ती चालवणारे हात त्यांनी घरातच घडवले. पुढे शिकलेले हात गाळ्यागाळ्यांत पसरले, आणि आज मोठे कारखाने फिक्स्चर आमच्यासारख्यांकडून करून घेतात. म्हणजे आम्हीही कुणाच्या तरी यादीतलं 'बाहेरचं काम'च आहोत. हीच शेड एखाद्या तालुक्याच्या गावी असती, तर निदान एक लहान भट्टी घरात ठेवावीच लागली असती.

त्या यादीत असल्यामुळे एक गोष्ट चांगली कळते. दर घासून घेणाऱ्याचं आणि बिल लटकवणाऱ्याचं काम रांगेत शेवटी जातं. लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत, असं 2006 चा कायदा सांगतो. तरीही बुधवारी संध्याकाळी पाठवलेल्या पिना भट्टीवाला त्याच रात्री टोपलीत घालतो, तेव्हा त्याच्या डोक्यात कायदा नसतो. मागचं बिल वेळेवर मिळालेलं असतं.

मध्यंतरी शेजारच्या गाळ्यातून विचारणा आली: जोडणीही आम्हीच करून देतो, तुम्ही नुसत्या ऑर्डरी आणा. आकडा आमच्या खर्चापेक्षा कमी होता. आम्ही नाही म्हणालो. भट्टीवाल्याची ढिलाई, वायरकटची मापातली गडबड, आमच्याच ड्रॉइंगमधली खोट, हे सगळं पहिल्यांदा उघडं पडतं ते जोडणीच्या टेबलावर. ते टेबल दुसऱ्याकडे गेलं, तर पुढच्या फिक्स्चरला कुठल्या कोपऱ्याला रेडियस द्यायचा आणि कोणाला कुठलं काम द्यायचं, हे शेजाऱ्याला कळत जाईल. आमच्या हातात नुसतं चलनाचं पुस्तक उरेल.